हिरवा ठिपका आणि हिरवा ‘व्ही’

दादरच्या कुठल्याही किराणा दुकानात बिस्किटांचा एक पुडा उचला. हिरव्या चौकोनात हिरवा ठिपका, म्हणजे माल शाकाहारी. पुडा उलटा केला की मागे बारीक अक्षरात मैदा, साखर, पाम तेल आणि मिल्क सॉलिड्स. व्हीगन गिऱ्हाईक पुडा परत फळीवर ठेवतं आणि दुकानदार वैतागतो, “अहो, प्युअर व्हेज आहे!” आहेच. फक्त गिऱ्हाइकाचा प्रश्न तो नव्हता.

शाकाहारी माणूस विचारतो, यात मांस, मासळी, अंडं आहे का? व्हीगन विचारतो, यातलं काही जनावराकडून घेतलंय का? दूध, दही, लोणी, तूप, पनीर, खवा आणि मध पहिल्या प्रश्नातून सुखरूप सुटतात आणि दुसऱ्यात अडकतात. दुसरा प्रश्न ताटापाशी थांबतही नाही. कोल्हापुरी चपलेचं चामडं त्यात येतं आणि सोवळ्याचं रेशीमही, कारण अखंड धागा मिळावा म्हणून कोष आतल्या किड्यासकट उकळतात. लसूणही न खाणाऱ्या घरात पूजेला रेशीमच नेसतात, यात शाकाहाराच्या हिशेबाने काहीच विसंगत नाही. हिशेबच वेगळा आहे. ‘व्हीगन’ हा शब्द १९४४ मध्ये इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्याच्या साथीदारांनी काढला तो याच कारणाने: ‘व्हेजिटेरियन’ म्हणवणाऱ्यांत दूध-अंडी चालत होती आणि ती न घेणाऱ्यांना स्वतःसाठी शब्दच नव्हता.

ठिपक्याची व्याख्या कायद्यात आहे. एफएसएसएआय म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबलिंग नियमांत मांसाहारी पदार्थ कशाला म्हणायचं ते सांगताना दूध, दुधाचे पदार्थ, मध, मधमाशांचं मेण, कार्नोबा मेण आणि शेलॅक एवढ्या गोष्टी वगळल्या आहेत. कार्नोबा हे ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरचं मेण. ते या यादीत कशाला, हे कोडंच आहे. शेलॅक मात्र लाखेच्या किड्याचा स्राव. चकचकीत गोळ्या-चॉकलेटांवर त्याचा लेप असतो आणि पुड्यावर तो ‘ग्लेझिंग एजंट ९०४’ म्हणून येतो. ९०१ म्हणजे मधमाशांचं मेण. दोन्ही हिरव्या ठिपक्याखाली बसतात. याच नियमांनी मांसाहाराच्या तपकिरी ठिपक्याचा त्रिकोण केला, कारण ज्यांना रंग नीट ओळखू येत नाहीत त्यांना दोन गोल सारखेच दिसत.

व्हीगन मालावरच्या ‘व्ही’चे नियम २०२२ मधले. हिरव्या रंगात इंग्रजी व्ही, त्याला फुटलेलं पान आणि खाली ‘व्हीगन’ ही अक्षरं. इथे घटक तपासून भागत नाही. चव, विकर (एन्झाइम), गाळण्यासाठी वापरलेली वस्तू, यांतलं काहीही कुठल्याच टप्प्यावर प्राणिज नको. मालाची प्राण्यांवर चाचणी केलेली नको. आणि चिन्ह छापण्याआधी मंजुरी हवी. पण खरा फरक असा की ठिपका सक्तीचा आहे आणि ‘व्ही’ ऐच्छिक. म्हणून ‘व्ही’ नाही म्हणजे व्हीगन नाही, असं समजू नये. तूरडाळ, पोहे, गूळ, कोकम यांवर तो शोधत बसलात तर उपाशी राहाल.

दुकानात उभ्या उभ्या पुडा वाचायचा तर घटकांच्या आधी ॲलर्जीची ओळ वाचावी. ‘कंटेन्स मिल्क’ असेल तर काम तिथेच संपलं. ‘मे कंटेन मिल्क’ म्हणजे त्याच यंत्रावर दुधाचा मालही बनतो. ही सूचना ॲलर्जी असणाऱ्यांसाठी आहे आणि बहुतेक व्हीगन तो माल घेतात. मध आणि शेलॅक या ओळीत येत नाहीत, त्यासाठी पुढची यादी वाचावीच लागते. तिथे केसीन, सोडियम केसिनेट, व्हे, लॅक्टोज ही सगळी दुधाचीच नावं. ‘नॉन-डेअरी क्रीमर’मध्ये बहुधा सोडियम केसिनेट असतं, ‘लॅक्टोज-फ्री’ दूध हे दूधच, आणि ‘एगलेस’ केकमध्ये अंड्याची जागा बहुतेक वेळा कन्डेन्स्ड मिल्क किंवा दह्याने भरलेली असते. उलट बाजूने लॅक्टिक ॲसिड सहसा साखर आंबवून करतात आणि कोको बटर कोकोच्या बीचं असतं; या दोघांना नावामुळे विनाकारण घाबरतात. परदेशी लेखांत साखर हाडांच्या कोळशातून गाळतात असं वाचून इथली साखर सोडायचीही गरज नाही. आपल्याकडचे बहुतेक कारखाने रस चुना आणि गंधकाच्या धुरीने साफ करतात.

सोया किंवा ओटच्या खोक्यावर ‘मिल्क’ न लिहिता ‘ड्रिंक’ का लिहितात, तर एफएसएसएआयच्या लेखी दूध जनावराचंच. नारळाचं दूध आणि पीनट बटर ही रुळलेली नावं तेवढी सुटली.

आता मूळ मुद्दा. पिंजऱ्याबाहेर मोकळ्या फिरणाऱ्या कोंबडीच्या अंड्याला तपकिरी त्रिकोण लागतो आणि आखूड दोराला बांधलेल्या म्हशीच्या दुधाच्या पनीरला हिरवा ठिपका. दोन्ही खुणा आपापल्या जागी बरोबर आहेत. पण जनावराचं काय झालं, हे त्या सांगत नाहीत, आणि हिरवा रंग बघून ‘म्हणजे कुणाला त्रास नाही’ असं आपण मनातल्या मनात वाचतो. गोंधळ तिथे होतो.

मुंबईला म्हशीचं दूध लागतं. गावातले तबेले बाहेर न्यायचे म्हणून १९४९ मध्ये गोरेगावला आरे कॉलनी उभी राहिली. खासगी तबेले उपनगरांत आजही आहेत. म्हैस सुमारे दहा महिने गाभण राहते आणि व्यायल्याशिवाय दूध देत नाही, म्हणजे दुधामागे दर खेपेला एक वासरू आलंच. पारडी पुढे दूध देईल म्हणून तिला थोडी किंमत. नर रेडकू ट्रॅक्टरच्या काळात ना नांगराला लागतं ना गाडीला. त्याला पाजलेलं दूध हे विकायच्या दुधातून गेलेलं दूध, आणि विकतचा चारा घालणाऱ्या मालकाला तो हिशेब रोज दिसतो. त्यामुळे रेडकं फार जगत नाहीत. वासरू नसलं की म्हैस पान्हवत नाही, आणि इथे पान्हा सोडवणाऱ्या ऑक्सिटोसिन या संप्रेरकाचं इंजेक्शन येतं. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याचं कलम १२ दूध वाढवण्यासाठी आरोग्याला अपायकारक इंजेक्शन देणं हा गुन्हा ठरवतं. आटलेली म्हैस शहराच्या चाऱ्यावर पोसणं परवडत नाही. काही परत गावाकडे जातात, बऱ्याच खाटकाकडे. गाईच्या कत्तलीवर महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्याने बंदी आली, २०१५ मध्ये बैल आणि वळू त्यात आले. म्हैस आणि रेडा त्यात नाहीत. भारत म्हशीच्या मांसाचा जगातला एक मोठा निर्यातदार आहे, तो यामुळेच. दुधाचा आणि मांसाचा धंदा एकाच दावणीला बांधलेला आहे.

इथून दोन वाटा फुटतात, आणि त्यांचीही सरमिसळ होते. पशुकल्याणवाला म्हणतो, जनावर पाळणार असाल तर नीट पाळा: दोर लांब ठेवा, सिमेंटवर रबरी मॅट टाका, दोन आचळं रेडकासाठी सोडा, इंजेक्शन थांबवा, टेम्पोत कोंबू नका. व्हीगन म्हणतो, दोर लांब झाला तरी आटल्यावरचा प्रवास तोच. अंड्यांचंही तसंच. पिंजऱ्यातल्या कोंबडीला साधारण ए-फोर कागदाहून कमी जागा मिळते. तिला पंखही पसरता येत नाहीत. पिंजरामुक्त शेडमध्ये ती चालते, धुळीत लोळते, आडोशाला अंडं घालते. हा फरक खरा आहे आणि थट्टेवारी नेण्यासारखा नाही. पण अंड्यासाठी पैदा केलेल्या जातीची नर पिल्लं ना अंडी देतात ना मांसासाठी भरतात, म्हणून ती उबवणी केंद्रातच पहिल्या दिवशी मारतात, मग मादी पिंजऱ्यात जावो की शेडमध्ये. मटण खाणारा माणूस पिंजऱ्याविरुद्ध सही करू शकतो, त्यात ढोंग नाही. आणि नुसतं कोलेस्टेरॉलसाठी दूध सोडलेला माणूस व्हीगन म्हणवतो, तेव्हा तो खरं तर वनस्पतीजन्य आहार घेत असतो. पायात चामड्याचे बूट असले तरी त्याचं काही बिघडत नाही.

बाजारातल्या दोन शब्दांबद्दल सांगायला हवं. ‘ए-टू’ हा दुधातल्या एका प्रथिनाचा प्रकार, जनावराच्या वागणुकीशी त्याचा संबंध नाही. तपकिरी अंड्याचा रंग कोंबडीच्या जातीचा, मोकळ्या अंगणाचा नव्हे. ‘अहिंसक दूध’ म्हणणाऱ्याला तीन गोष्टी विचाराव्यात: नर वासरं कुठे आहेत, आटलेली जनावरं कोण पोसतं, वासराला किती दिवस पाजता? ज्याने खरोखर सांभाळलंय तो लगेच गोठा दाखवतो, आणि त्याच्या दुधाचा भावही तसाच असतो.

हॉटेलात ‘व्हीगन’ शब्द फारसा कामाला येत नाही. ‘दुधाचं काही नको’ हेही पुरत नाही, कारण वेटरच्या लेखी तूप हे दुधाचं नसतंच. ते तेलाच्या जागी असतं. जैन आणि उपवासाच्या पदार्थांनी फसू नये: एकात कांदा-लसूण-बटाटा नाही पण पनीर आहे, दुसऱ्यात साबुदाणा तुपात परतलेला आहे. सरळ नावं घ्यावीत: तूप नको, बटर नको, दही नको, पनीर नको. वडापावचा वडा बिनधोक. पाव तव्यावर बटरमध्ये भाजू नका एवढं सांगायचं. मिसळीत दही वेगळं येतं, ते परत करावं. पावभाजीत बटर तीन ठिकाणी असतं, भाजीत, भाजीवर आणि पावावर, आणि गर्दीच्या वेळी मोठ्या तव्यावरच्या भाजीत ते आधीच पडलेलं असतं. नंतर ‘बटर नको’ म्हणून फक्त वरचा तुकडा वाचतो. उडप्याकडे इडली, मेदूवडा, सांबार सहसा चालतं. खोबऱ्याच्या चटणीत दही आहे का, हे विचारावं. रवा डोशाच्या पिठात बऱ्याचदा ताक असतं, उपमा-शिऱ्यात तूप. सोलकढी नारळाच्या दुधाची म्हणून निर्धास्त पिऊ नये, काही ठिकाणी ती ताकाने वाढवतात. घरी मात्र पिठलं-भाकरी, वालाचं बिरडं, भरली वांगी, अळूचं फदफदं यांत काही बदलावंच लागत नाही. उकडीच्या मोदकाला एक वाटी तांदळाच्या पिठाला एक वाटी पाणी आणि चमचाभर खोबरेल. उकड तूप घातल्याइतकीच मऊ होते, फक्त ती गरम असतानाच मळावी लागते.

बी-१२ वनस्पतींतून भरवशाने मिळत नाही. व्हीगन माणसाने रोज निदान १० मायक्रोग्रॅम किंवा आठवड्याला २००० मायक्रोग्रॅमची गोळी घ्यावी आणि रक्त तपासून डॉक्टरांशी बोलावं. दूध पिणाऱ्या शाकाहाऱ्यांतही ते वारंवार कमी निघतं. कॅप्सूलचं कवच बहुधा जनावरांच्या हाडा-कातड्यापासून काढलेल्या जिलेटिनचं, म्हणून गोळीच मागावी.

चहा हा सगळ्यात अवघड प्रांत. सोयाचं दूध उकळत्या चहात ओतलं की फाटतं, कारण उष्णता आणि चहाचा आंबटपणा एकदम लागतो. त्यात कच्चं आलं असेल तर त्यातलं विकर प्रथिनं तोडतं. पाणी, साखर, ठेचलेलं आलं आणि पत्ती आधी चांगली उकळावी, गाळावी, सोया वेगळं गरम करून त्यात चहा बारीक धारेने सोडावा. ओटचं सहसा फाटत नाही, पण उकळत ठेवलं तर बुळबुळीत होतं.

दह्यासाठी शेंगदाणे. एक वाटी दाणे सहा-आठ तास भिजवून सालं काढावीत, तीन वाट्या पाण्यात अगदी बारीक वाटून फडक्यातून गाळावेत. मंद आचेवर सतत ढवळत उकळी आल्यावर आठ-दहा मिनिटं ठेवावं. घाई केली तर कच्च्या दाण्याचा वास राहतो. बोट बुडवून सहन होईल इतकं कोमट झालं की सहा-आठ हिरव्या मिरच्या देठांसकट बुडवून आठ ते बारा तास झाकून ठेवावं. जास्त गरम असताना घातल्या तर देठांवरचे जिवाणू मरतात आणि दूध दूधच राहतं. पहिलं दही पातळ आणि मिरचीच्या वासाचं होतं, ते तसंच खायचं नाही. त्यातलं दोन चमचे विरजण पुढच्या दुधाला लावलं की दुसरं घट्ट लागतं. मुंबईच्या मे महिन्यात सहा तासांनीच बघावं, नाहीतर आंबट होऊन पाणी सुटतं. कढी करताना बेसन आधी दह्यातच फेटावं, म्हणजे फुटत नाही. श्रीखंडाला हे दही घेऊ नये, टांगल्यावर चक्का रवाळ होतो. त्याला काजूचं लावावं.