एन मापाच्या रुळांवर इन्सुलेटेड जॉइनर बसवताना

मॉडेल रेल्वेच्या रुळाचे दोन तुकडे जोडणारे या पाकिटातले प्लास्टिकचे जॉइनर त्या तुकड्यांमधली वीज तोडतात. मात्र रूळ एका रेषेत घट्ट धरून ठेवण्याची ताकद त्यांच्यात धातूच्या जॉइनरइतकी नसते. ते काम खालच्या स्लीपरवर आणि पायावर सोपवावे लागते. जोडावर इंजिन उसळते, डबा घसरतो, वळणावर कोपरा येतो, अशा बहुतेक तक्रारींचे मूळ इथेच असते, म्हणून हे सर्वांत आधी सांगत आहोत.

जागा आधी ठरवा

रूळ पक्के करण्यापूर्वी लेआउटचे, म्हणजे रुळांच्या मांडणीचे, चित्र कागदावर काढा. एक रूळ लाल आणि दुसरा काळा रंगवत पुढे जा. जिथे लाल रेघ काळीला जाऊन मिळेल, तिथे शॉर्ट होणार. फिरून त्याच मार्गावर उलट दिशेने परत येणारा लूप आणि त्रिकोणी वाय या दोन्हींत हे हमखास होते. अशा भागाच्या दोन्ही टोकांना दोन्ही रूळ तोडावे लागतात आणि तेही अगदी समोरासमोर. तोडलेला भाग तुमच्या सर्वांत लांब गाडीपेक्षा लांब ठेवा. धातूचे चाक जोडावरून जाताना क्षणभर दोन्ही बाजू जोडते. इंजिन एका टोकाच्या जोडावर आणि शेवटचा डबा दुसऱ्या टोकाच्या जोडावर एकाच वेळी आला, तर ऑटो रिव्हर्सर (अशा भागातली वीज आपोआप उलटवणारे यंत्र) दोघांचे समाधान करू शकत नाही.

पॉइंटचा (गाडीचा मार्ग बदलणाऱ्या रुळांचा) फ्रॉग, म्हणजे आतले दोन रूळ एकमेकांना मिळतात ती जागा, धातूचा आणि वीज असलेला असेल, तर फ्रॉगकडून बाहेर पडणाऱ्या आतल्या दोन रुळांवर एकेक जॉइनर घाला. फ्रॉग प्लास्टिकचा असेल तर फ्रॉगसाठी त्यांची गरज नाही. इंजिन उभे करण्याच्या सायडिंगला किंवा गाडी कुठे आहे हे दाखवणाऱ्या ब्लॉकला (वीज वेगळी केलेल्या रुळाच्या भागाला) साधारणपणे एकच रूळ तोडला तरी पुरते. मात्र सगळ्या लेआउटवर तोच एक रूळ तोडण्याची शिस्त पाळा.

रुळाची उंची पाहा

एन मापात दोन रुळांमधले अंतर ९ मिमी असते, पण रुळाची उंची सारखी नसते. कोड ८० म्हणजे ०.०८० इंच, सुमारे २ मिमी. कोड ५५ म्हणजे ०.०५५ इंच, सुमारे १.४ मिमी. उंचीनुसार रुळाचा तळही बदलतो. सैल बसणारा जॉइनर चिकटवून भागवू नका, योग्य मापाचा घ्या. पेको या कंपनीचा कोड ५५ ट्रॅक याला अपवाद आहे. त्याच्या रुळाचा बराच भाग स्लीपरमध्ये बुडालेला असतो आणि त्याला कोड ८० चेच जॉइनर लागतात.

कापणे आणि घासणे

रेल कटरची सपाट बाजू तुम्ही वापरणार असलेल्या तुकड्याकडे ठेवा, चिमटलेले टोक दुसऱ्या बाजूला जाईल. नंतर बारीक कानशीने टोक काटकोनात आणा आणि तळाच्या दोन्ही कडांवरची बर (कापताना उरलेली धारदार किनार) काढा. या पायरीवर वेळ द्या, कारण उरलेली बर प्लास्टिक आतून चिरते. तळाच्या कडा टोकाशी किंचित तिरप्या घासल्या तर जॉइनर सहज सरकतो.

शेवटच्या स्लीपरवरची रूळ पकडणारी बोंडे धारदार पात्याने काढा आणि जॉइनरच्या जाडीएवढी खाच करा. खाच कमी पडली तर जोड उचलला जातो आणि त्या जागी गाडी उसळते. पूर्ण स्लीपर काढावा लागला तर तो पातळ घासून नंतर जोडाखाली सरकवा.

जॉइनर सपाट तोंडाच्या चिमट्याने धरा आणि रुळाच्या रेषेतच ढकला. वाकडा दाब दिला की तो फाटतो. आत मधोमध असलेली छोटी भिंत दोन्ही टोकांना वेगळे ठेवते. रूळ तिला टेकले की थांबा. ती कापू नका. निकेल सिल्व्हरचा १ मीटर रूळ २० अंश तापला तर साधारण एक तृतीयांश मिमी वाढतो. लाकडी पाया दमट हवेत हलतो तो वेगळाच. भिंत नसेल तर आज उघडा असलेला जोड उन्हाळ्यात बंद होऊन शॉर्ट देऊ शकतो.

सोल्डरिंग आणि वळणे

फीडरच्या (रुळांना वीज देणाऱ्या) तारा जॉइनर बसवण्यापूर्वी सोल्डर करा. नंतर करणे भाग पडले तर जोड आणि सोल्डरची जागा यांच्यामध्ये रुळावर धातूची क्लिप लावा, ती उष्णता शोषून घेते.

वळणावर हा जॉइनर शक्यतो टाळा. रूळ सरळ होऊ पाहतो, प्लास्टिक नमते आणि कोपरा दिसतो. तिथे आमचा सल्ला वेगळा आहे. धातूचे जॉइनर सोल्डर करून वळण पूर्ण बसवा आणि चिकटवा. ते नीट सुकल्यावर, जोडापासून थोडे दूर, बारीक दातांच्या करवतीने रूळ कापा. फटीत स्टायरीनचा पातळ तुकडा सुपरग्लूने भरा आणि रुळाच्या आकारात घासून घ्या. मेहनत जास्त आहे, पण वळणाची गोलाई टिकते.

वीज परत द्या, मग तपासा

तोडलेला प्रत्येक भाग स्वतंत्र आहे. त्याला स्वतःचा फीडर मिळेपर्यंत तो मृतच राहील, हा जॉइनरचा दोष नाही.

तपासण्यासाठी सगळी इंजिने आणि दिव्यांचे डबे रुळावरून उचला, त्या भागाचे फीडर सोडवा आणि मल्टिमीटरने जोडाच्या दोन्ही बाजूंना स्पर्श करा. बीप आला तर कुठेतरी रूळ चिकटलेले आहेत. डीसीसी (गाड्यांचे डिजिटल नियंत्रण) असेल तर फीडर पुन्हा जोडून प्रत्येक भागात दोन्ही रुळांवर क्षणभर नाणे दाबा. बूस्टरने (रुळांना वीज पुरवणाऱ्या यंत्राने) लगेच वीज तोडली पाहिजे. तो थांबत नसेल तर तिथे तारा बारीक आहेत किंवा फीडर कमी आहेत. हे दुरुस्त केल्याशिवाय गाडी चालवू नका, शॉर्टमध्ये चाके आणि इंजिनातले डीकोडर जळू शकतात.

खडी टाकून पाण्यात मिसळलेला गोंद ओतल्यावर ब्लॉक डिटेक्टर (ब्लॉकमध्ये गाडी आहे का हे ओळखणारे यंत्र) रिकामा भागही भरलेला दाखवू लागला, तर जोड उघडू नका. ओला गोंद थोडी वीज वाहून नेतो. पूर्ण सुकू द्या आणि मग पुन्हा मोजा.