वाफांची गोळी

पन्नाशीकडे झुकलेली, पाळी जायच्या वयातली बाई. अंगातून वाफा येतात, रात्री तीनला डोळे टक्क उघडतात, म्हणून ती दादरच्या डॉक्टरांकडे जाते. घरी आल्यावर मुलगी गोळीचं नाव मोबाइलवर टाकते, तर समोर येतं 'डिप्रेशन'. "म्हणजे आता मला ठाण्याला धाडायचं का?" ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ सालचं, मुंबईत टोमणा मारायला एवढं पुरतं.

तिची धास्ती अगदीच वेडगळ नाही. पाळी जायच्या सुमाराच्या उदासीला एकेकाळी डॉक्टरांनीच वेगळा मनोविकार ठरवलं होतं. जर्मन मनोविकारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांनी १८९६च्या सुमारास उतारवयातल्या 'मेलान्कोलिया'ला, म्हणजे खोल उदासीला, स्वतंत्र जागा दिली. पुढे त्यांनीच ती काढून घेतली, तरी नाव चिकटून राहिलं. अमेरिकी मनोविकारांच्या यादीतून ते गेलं थेट १९८० साली.

डिप्रेशनच्या गोळ्या तर आल्या आडवाटेने. १९५२ साली न्यूयॉर्कच्या क्षयरुग्णालयात इप्रोनियाझिड हे क्षयाचं औषध घेणारे रुग्ण भलतेच उल्हसित दिसू लागले. (शिवडीचं टीबी हॉस्पिटल पाहिलेल्यांना त्याचं नवल कळेल.) १९५७ साली ते उदासीवर वापरात आलं, त्याच वर्षी स्वित्झर्लंडमध्ये रोलँड कून यांनी इमिप्रामिन या दुसऱ्या औषधाचा उदासीवरचा गुण नोंदवला.

वाफांवर मात्र तेव्हा हार्मोनचा जोर होता. गाभण घोडीच्या मूत्रापासून बनलेलं प्रेमारिन अमेरिकेत १९४२ पासून मिळत होतं. जुलै २००२ मध्ये एका मोठ्या अमेरिकी अभ्यासातला दोन हार्मोनचा प्रयोग मध्येच थांबवला गेला, कारण स्तनाच्या कॅन्सरचा धोका वाढलेला दिसला. त्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं, हे कोण लक्षात घेतो? भीती सगळ्यांनाच बसली.

मग पर्याय म्हणून डिप्रेशनच्या गोळ्या पुढे आल्या. त्याचा पाया आधीच घातला होता तो स्तनाचा कॅन्सर झालेल्या बायकांनी. त्यांना सहसा हार्मोन देत नाहीत, म्हणून व्हेन्लाफॅक्सिन हे डिप्रेशनचं औषध देऊन पाहिलं आणि २००० साली वाफा कमी झाल्याचं प्रसिद्ध झालं. परळला टाटामध्ये उपचार घेतलेल्या बाईला हे आजही लागू पडतं. फक्त ती टॅमोक्सिफेन या स्तनाच्या कॅन्सरच्या गोळीवर असेल तर पॅरोक्सेटिन ही डिप्रेशनची दुसरी गोळी टाळतात, कारण त्याने टॅमोक्सिफेनचं काम मंदावतं.

२०१३ साली अमेरिकेत वाफांसाठी मंजूर झालेल्या पॅरोक्सेटिनचा डोस ७.५ मिलिग्रॅम, डिप्रेशनला सुरुवातच साधारण २० पासून. वाफांवर गुण एक-दोन आठवड्यांत दिसू लागतो, मनावर यायला बहुधा चार ते सहा लागतात. म्हणजे गोळी तीच, पण काम दुसरं.

उलट बाजूही आहे. पाळी अनियमित होते त्या काळात खरंखुरं डिप्रेशनही वाढतं, विशेषतः पूर्वी कधी येऊन गेलं असेल तर. तिथे "वयाचं आहे, होतं असं" म्हणत घर गप्प बसतं, आणि तिची गोळी तिच्याच पर्समध्ये अर्धवट राहते.