तेरुक्कूत्तु : मुलींनी मुकुट चढवला तेव्हा

उत्तर तमिळनाडूत कांचीपुरम, तिरुवण्णामलै, विळुप्पुरम या पट्ट्यात तेरुक्कूत्तु (थोडक्यात कूत्तु) हे गाणे, नाच आणि संवादांचे रात्रभराचे लोकनाट्य टिकून राहिले ते मुख्यतः द्रौपदी अम्मनच्या, म्हणजे देवी म्हणून पुजल्या जाणाऱ्या द्रौपदीच्या, उत्सवांमुळे. दिवसा महाभारताचे निरूपण, रात्रभर कूत्तु आणि शेवटी भक्तांनी निखाऱ्यांवरून चालणे, असा क्रम. गावोगावी खेळ करण्याचा मान काही घराण्यांकडे पिढीजात असे.

१९७०च्या दशकात शहरी रंगकर्मी इकडे वळले. १९७७ साली मद्रासमध्ये कूत्तूचे नाव घेतलेली आधुनिक नाट्यसंस्था निघाली आणि पुरिसै गावचे कलाकार तिच्या नटांना शिकवू लागले. महोत्सवांसाठी रात्रभराचे आख्यान तास-दोन तासांत बसवले जाऊ लागले. कूत्तूला प्रतिष्ठा मिळाली, हे खरेच. पण गावातला नट उद्या कुठून येणार, याचे उत्तर त्यात नव्हते.

ते शोधले कलाकारांनीच. १९९० साली कांचीपुरमला त्यांची संघटना उभी राहिली. तिच्या संस्थापकांपैकी एकाने बालपणीच शाळा सोडून वडिलांच्या मंडळीत काम सुरू केले होते. मंडळीत शिरायचे तर शाळा सुटणारच, हा पेच त्याला अंगावरचा माहीत होता. म्हणून २००२ साली कांचीपुरमजवळ निघालेल्या निवासी गुरुकुलात शालेय अभ्यास आणि कूत्तु एकत्र आले.

वादाचा निर्णय इथला : मुलींनाही प्रवेश. तोवर द्रौपदी रंगवायची ती पुरुषानेच. रात्रभर परक्या गावात, पुरुषांच्या मंडळीत वयात आलेली मुलगी कशी पाठवायची आणि मग तिचे लग्न कसे जमायचे, हे प्रश्न खोटे नव्हते. मात्र मुलींना जमणार नाही, हा आक्षेप मुलींनीच निकालात काढला. उंच पट्टीतले गाणे, लाकडी मुकुट, खांद्यांवरची जड भुजाभूषणे, पडद्याआडून होणारा वीरांचा प्रवेश, सगळे त्यांनी पेलले. त्या नुसत्या द्रौपदी होऊन थांबल्या नाहीत. राजे आणि योद्धेही त्यांनी उभे केले. पुनरुज्जीवनाच्या साऱ्या खटाटोपात ही मला सर्वांत मोठी गोष्ट वाटते. जुने जपताना त्यातला अन्यायही जपलाच पाहिजे, असे थोडेच आहे?

गुरुकुल २०२० साली बंद झाले. तिथे शिकलेल्यांपैकी काही मुलगे व्यावसायिक मंडळींत गेले. मुलींना ती वाट सोपी नाही : उत्सवाचा हंगाम म्हणजे महिनोन्‌महिने रात्रीचा प्रवास, आणि लग्नानंतर त्याला होकार सासरचा लागतो.