वारसास्थळांची व्हीआर सैर आणि चिंता : पार्श्वभूमी

चिंतेवरच्या उपचारात व्हीआर (आभासी वास्तव) आलं ते मन शांत करण्यासाठी नव्हे, भीतीसमोर उभं करण्यासाठी. 1995 मध्ये बार्बरा रॉथबॉम, लॅरी हॉजेस आणि सहकाऱ्यांचा उंचीच्या भीतीवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. डोळ्यांवर चढवायच्या हेडसेटमध्ये पूल, सज्जे आणि काचेची लिफ्ट दाखवायची, उंची टप्प्याटप्प्याने वाढवायची, अशी ती पद्धत. त्याच दशकात वॉशिंग्टन विद्यापीठात हंटर हॉफमन यांनी उलटी वाट धरली. भाजलेल्या रुग्णाचं ड्रेसिंग चालू असताना त्याला बर्फाच्या दरीत गुंतवायचं, म्हणजे लक्ष वेदनेपासून दूर राहतं. चिंता हलकी करण्यासाठी हेडसेटमधून घडवायची वारसास्थळांची सैर या दुसऱ्या वाटेवरची आहे. तिला 1984 चा रॉजर उलरिच यांचा अभ्यासही आधाराला आहे. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर खिडकीतून झाडं दिसणाऱ्या रुग्णांना, विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा तीव्र वेदनाशामकं कमी लागली होती.

वारशाची आभासी प्रारूपं मात्र वेगळ्याच गरजेतून घडली. इंग्लंडमधल्या डडली किल्ल्याचं 1550 च्या सुमाराचं रूप 1994 मध्ये संगणकावर फिरून पाहता आलं. 2001 मध्ये अफगाणिस्तानातल्या बामियानच्या बुद्धमूर्ती उद्ध्वस्त झाल्या आणि 2003 मध्ये लेझर स्कॅनिंगने स्थळांची नोंद ठेवणारी सायआर्क ही संस्था उभी राहिली. पुनर्रचनेत पुरावा कुठला आणि अंदाज कुठला हे उघड सांगावं, असा आग्रह वारशाच्या संगणकीय दृश्यांसाठीच्या 2006 च्या लंडन सनदेने धरला. यातलं काहीच धास्तावलेल्या माणसासाठी नव्हतं. 2018 मध्ये कॅनडातल्या माँट्रियलच्या ललित कला संग्रहालयाशी करार करून डॉक्टर रुग्णांना संग्रहालयभेट लिहून देऊ लागले, तेव्हा वारसा आणि उपचार उघडपणे एकत्र आले. पण ती भेट प्रत्यक्ष होती.

तयार प्रारूप तसंच उचलून उपचाराला लावलं, की घोळ होतो. माहितीपटाच्या सवयीने कॅमेरा कळसाभोवती उडवला, तर डोळे म्हणतात हललो, तोल सांभाळणारा आतला कान म्हणतो बसलोय. दोन मिनिटांत मळमळ. म्हणून बघणाऱ्याला एका जागी ठेवावं आणि जागा बदलताना दृश्य क्षणभर काळोखात विरवावं. सेकंदाला 90 चित्रं, आणि मान वळल्यापासून चित्र बदलेपर्यंत 20 मिलिसेकंदांहून कमी वेळ, हे साधलं नाही तर दगडी खांबही डुलतो. दोन्ही भिंगांतलं अंतर डोळ्यांच्या बाहुल्यांमधल्या अंतराशी (मोठ्या माणसात सरासरी 63 मिमी) जुळवून घ्यावं, नाहीतर कपाळ ठणकतं. सुरुवात मोकळ्या अंगणातून करावी. भुयार किंवा अरुंद जिना कितीही देखणा असला, तरी कोंडल्याची भीती असणाऱ्याला तो नकोच. निवेदनही थोडंच हवं. सनावळ्यांचा मारा झाला की माणूस परीक्षेला बसल्यासारखा ताठ होतो.

परिणाम मोजतानाही एक फसवी जागा आहे. तात्कालिक चिंतेसाठी मानसशास्त्रज्ञ स्पीलबर्गर यांची 20 विधानांची प्रश्नावली वापरतात (गुण 20 ते 80), तर व्हीआरच्या त्रासासाठी 1993 ची 16 लक्षणांची यादी. त्या यादीत घाम येणं, पोटात अस्वस्थ वाटणं, लक्ष न लागणं हेही आहे, आणि ही तर चिंतेचीच लक्षणं! दोन्ही प्रश्नावल्या हेडसेट चढवण्याआधी एकदा भरून घेतल्या नाहीत, तर नंतरचा घाम आधीच्याच चिंतेचा की यंत्रामुळे आलेला, हे सांगता येत नाही. शिवाय पहिल्या खेपेला हेडसेटचंच अप्रूप असतं. तेच दृश्य साध्या पडद्यावर पाहणारा तुलनागट नसेल, तर त्या अप्रुपाचं श्रेय वारशाच्या खात्यात जमा होतं.