अंतर्गत बल की बाह्य बल? आधी सिस्टीम कुठली ते ठरवा

संवेग अक्षय्यतेचा नियम सगळ्यांना पाठ असतो, निव्वळ बाह्य बल शून्य असेल तर एकूण संवेग (वस्तुमान गुणिले वेग) बदलत नाही, पण गणित समोर आलं की अडतं ते एकाच ठिकाणी, हे बल बाह्य धरायचं की अंतर्गत? बरेच जण नावावरून ठरवतात, गुरुत्वाकर्षण दिसलं की बाह्य, टकरीतला धक्का दिसला की अंतर्गत. इथेच चुकतं. बलावर तसा शिक्का नसतो, सिस्टीममध्ये, म्हणजे हिशोबात एकत्र धरलेल्या वस्तूंमध्ये, तुम्ही काय काय घेतलंय त्यावर ते ठरतं.

अर्धा किलोचा चेंडू हातातून सोडला, 1 सेकंदानी त्याचा वेग 9.8 मीटर प्रति सेकंद, म्हणजे संवेग शून्यावरून 4.9 झाला. मग नियम मोडला का? नाही, सिस्टीम फक्त चेंडू असेल तर पृथ्वीची ओढ बाहेरून येतेय, संवेग बदलणारच. आता पृथ्वीलाही सिस्टीममध्ये घ्या, तीच ओढ अंतर्गत झाली, कारण चेंडूही पृथ्वीला तेवढ्याच बलानं वर ओढतोय आणि तिलाही उलट दिशेनं 4.9 संवेग मिळतो. फक्त तिचं वस्तुमान इतकं अवाढव्य आहे की तिच्या वेगात दशांश चिन्हानंतर 24 शून्यं येतात आणि मग कुठे 8. बल तेच, रेघ कुठे ओढली एवढाच फरक, आणि मला तर या अख्ख्या धड्यातली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच वाटते.

बंद पडलेल्या गाडीत बसून डॅशबोर्ड कितीही रेटा, गाडी हलत नाही, कारण पाठ सीटला तेवढंच मागे दाबते, सगळं आतल्या आतच. खाली उतरून ढकलली की तुम्ही आणि गाडी मिळून पुढे जाता, कारण आता जमिनीचं घर्षण तुमच्या पायांना पुढे रेटतंय आणि ते बाहेरचं आहे.

अंतर्गत बल काहीच करत नाही असं मात्र समजू नका. 2 किलोची ट्रॉली 3 मीटर प्रति सेकंदानं येऊन 1 किलोच्या थांबलेल्या ट्रॉलीला चिकटली, तर दोघी मिळून 2 च्या वेगानं जातात. एकूण संवेग आधी 6, नंतरही 6, पण प्रत्येकीचा वेगळा संवेग बदलला आणि गतिज ऊर्जा 9 ज्यूलवरून 6 वर आली.

आणि घर्षण? ते तर बाह्यच, मग नियम लावायचा कसा? इथे वेळ बघायची. घर्षण समजा 3 न्यूटन आणि टक्कर 0.01 सेकंदाची, तर संवेगातला फरक 0.03, 6 पुढे किरकोळ, म्हणून टकरीच्या लगेच आधी आणि लगेच नंतर नियम बिनधास्त वापरा. पण टकरीनंतर तेच घर्षण 2 सेकंद चालू राहिलं तर 6 चा सगळा संवेग खाऊन ट्रॉल्या थांबतात.