पटावरचे योगायोग आणि त्यांमागचे गणित

सोलापुरात नवी पेठेतून जाताना एखाद्या फलकावर बुद्धिबळाचा पट छापलेला दिसला, तर खेळाडूच्या उजव्या हाताचा कोपरा आवर्जून पाहावा. तिथे पांढरे घर असायला हवे. चित्रपटांत आणि कादंबऱ्यांच्या मुखपृष्ठांवर तिथे वारंवार काळे घर आढळते, आणि त्याचे कारण साधे आहे. चौरस पट चार प्रकारे ठेवता येतो आणि त्यांतले दोनच प्रकार बरोबर असतात, म्हणून नियम माहीत नसलेला माणूस निम्म्या वेळा चुकणारच. राजा आणि वजीर यांच्या जागांची अदलाबदल होण्याची शक्यताही तितकीच असल्यामुळे, समोरासमोर पण नुसत्या अंदाजाने मांडलेला डाव सर्वस्वी बरोबर असण्याची संभाव्यता एक चतुर्थांशच उरते.

काही साम्ये मात्र हेतुपुरस्सर घडवलेली असतात. '२००१: अ स्पेस ओडिसी' या १९६८च्या चित्रपटात संगणक जो डाव जिंकतो, तो १९१० साली हॅम्बुर्गमध्ये खेळला गेलेला डाव आहे. अशा साम्याला योगायोग म्हणता येत नाही.

याहून गुंतागुंतीचे उदाहरण जेम्स बाँडच्या 'फ्रॉम रशिया विथ लव्ह'चे आहे. इयान फ्लेमिंग यांच्या १९५७च्या कादंबरीत क्रॉन्स्टीन नावाचा बुद्धिबळपटू आहे. १९६३च्या चित्रपटात त्याच्या पटावर जी स्थिती दिसते, ती बोरिस स्पास्की यांनी १९६० साली लेनिनग्राडमध्ये डेव्हिड ब्रॉन्स्टाइन यांच्यावर मिळवलेल्या विजयातून घेतलेली आहे. फक्त पांढऱ्याची दोन प्यादी वगळलेली आहेत. कादंबरी आधीची आणि डाव नंतरचा, तरीही पात्राचे नाव हरलेल्या खेळाडूच्या आडनावाशी जुळते! कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडावी तसे हे वाटते. पण ब्रॉन्स्टाइन १९५१ सालीच जगज्जेतेपदाचा सामना बरोबरीत सोडवून प्रसिद्ध झाले होते, त्यामुळे ही दोन नावे एकमेकांपासून स्वतंत्र आहेत असे गृहीत धरता येत नाही, आणि घटना स्वतंत्र असल्याशिवाय योगायोगाचे गणित मांडताच येत नाही. माझ्या मते खरा योगायोग निराळाच आहे. चित्रपट आला तेव्हा स्पास्की जगज्जेते नव्हते. ते १९६९मध्ये झाले, आणि पडद्यावरचा तो डाव आपोआप भावी जगज्जेत्याचा ठरला.

निव्वळ योगायोग किती सहज घडतात, हे पटाच्याच आधारे तपासता येते. सिद्धेश्वर तलावाकाठी गप्पा मारत बसलेल्या १० जणांना ६४ घरांपैकी एक घर मनात धरायला सांगावे आणि प्रत्येकाने ते कागदावर गुपचूप लिहावे. दोघांचे घर एकच निघण्याची शक्यता फारच थोडी असेल, असे बहुतेकांना वाटते; प्रत्यक्षात ती सुमारे ५२ टक्के असते. आपण माणसे मोजतो, पण मोजायच्या असतात जोड्या, आणि १० जणांच्या ४५ जोड्या होतात. माणसे १५ झाली की हीच शक्यता ८० टक्क्यांच्या पुढे जाते. हा हिशेब सर्व घरे सारख्याच प्रमाणात निवडली जातील असे धरून केलेला आहे. लोकांचा कल मधल्या चार घरांकडे किंवा कोपऱ्यांकडे झुकला, तर जुळणी होण्याची शक्यता आणखीच वाढते.