वैमानिकांच्या प्रशिक्षणाचं ऑडिट: हजेरीपत्रकाच्या पलीकडे

विमान कंपनीतल्या प्रशिक्षणाचं ऑडिट म्हणजे पूर्वी मुख्यतः फायली तपासणं. सिम्युलेटरचे तास भरले का, रिफ्रेशर वेळेत झाला का, प्रशिक्षकाची सही आहे का, हे जुळलं की ‘समाधानकारक’ असा शेरा. ही पद्धत किती तोकडी आहे, ते १२ नोव्हेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कमध्ये दिसलं.

अमेरिकन एअरलाइन्सचं फ्लाइट ५८७ हे एअरबस ए३००-६०० विमान केनेडी विमानतळावरून सँटो डोमिंगोला निघालं होतं. पुढे गेलेल्या जपान एअरलाइन्सच्या ७४७ ने मागे सोडलेल्या हवेच्या भोवऱ्यात ते सापडलं. को-पायलटने रडरची (शेपटीच्या उभ्या भागावरच्या, विमानाचं नाक डावी-उजवीकडे वळवणाऱ्या फळीची) पेडलं काही सेकंदांत आलटूनपालटून पुरती दाबली. शेपटीचा उभा भाग निखळला आणि विमान क्वीन्सच्या वस्तीवर कोसळलं. विमानातले सगळे २६० आणि जमिनीवरचे ५ जण दगावले.

गंमत म्हणजे (गंमत कसली!) हा अपघात प्रशिक्षण चुकवल्यामुळे झाला नव्हता. अपघातांची चौकशी करणाऱ्या अमेरिकेच्या एनटीएसबीने २००४ मध्ये रडरचा अनावश्यक, अतिरेकी वापर हे कारण दिलं. त्याला हातभार लावणाऱ्या बाबींत रडर यंत्रणेच्या रचनेसोबत कंपनीच्याच प्रशिक्षण कार्यक्रमातले काही भाग धरले. त्या कार्यक्रमातल्या एका सरावात सिम्युलेटरमधलं विमान भोवऱ्यात ९० अंशांपलीकडे कलंडे आणि थोडा वेळ कंट्रोल दादच देत नसत. एवढ्या मोठ्या विमानाचं असं सहसा होत नाही. विमान उत्पादक आणि एफएए (अमेरिकेची विमान वाहतूक नियामक संस्था) यांनी १९९७ मध्येच पत्र लिहून या प्रशिक्षणातल्या रडरवरच्या भराबद्दल कंपनीकडे चिंता व्यक्त केली होती. कागदोपत्री चोख असलेलं प्रशिक्षणही धोका ठरू शकतं, याचं याहून बोचरं उदाहरण मला माहीत नाही.

फेब्रुवारी २००९ मध्ये अमेरिकेतल्या बफेलोजवळ कोलगन या विमान कंपनीचं विमान पडलं, ५० बळी गेले. स्टॉल होताना, म्हणजे पंखांना मिळणारी उचल तुटताना, विमानाचं नाक आपोआप खाली ढकलणाऱ्या स्टिक पुशरशी कॅप्टन झगडत राहिला; सिम्युलेटरमध्ये त्याचा प्रत्यक्ष सराव तेव्हा सक्तीचा नव्हता. पुढच्याच वर्षी अमेरिकी संसदेने विमान कंपन्यांना सेफ्टी मॅनेजमेंट सिस्टीम (एसएमएस), म्हणजे धोके आधीच हेरून आटोक्यात ठेवण्याची पद्धतशीर व्यवस्था, बंधनकारक करणारा कायदा केला. एफएएचा नियम २०१५ मध्ये आला. दरम्यान २०१३ मध्ये आयकाओ या आंतरराष्ट्रीय विमान वाहतूक संघटनेचं सुरक्षा व्यवस्थापनावरचं स्वतंत्र परिशिष्ट १९ लागू झालं.

एसएमएसच्या चौकटीत प्रशिक्षण ‘सुरक्षा प्रसार’ या खांबाखाली येतं, पण त्याचा उपयोग होतोय का हे बघण्याचं काम ‘सुरक्षा हमी’चं. म्हणून ऑडिटर आता सहीबरोबर उड्डाणाचा डेटाही मागतो: अस्थिर अप्रोच (वेग किंवा उंची नीट न जुळलेली उतरण) घटले का? गो-अराउंड (उतरणं सोडून पुन्हा वर जाणं) वेळेवर होतात का?

भारतात हा प्रश्न मंगळूरच्या विमान अपघाताने समोर आणला. २२ मे २०१० च्या त्या अपघातात १५८ जण गेले. एअर मार्शल भूषण गोखले यांच्या अध्यक्षतेखालच्या चौकशीत दिसलं, की को-पायलटने गो-अराउंड सुचवूनही कमांडरने अस्थिर अप्रोच सोडला नाही. पुढे जानेवारी २०१४ मध्ये एफएएने भारताचा हवाई सुरक्षा दर्जा घटवला. त्यात डीजीसीए या भारतीय नियामक संस्थेकडे पुरेसे प्रशिक्षित उड्डाण निरीक्षक नसणं हा ठळक आक्षेप होता, म्हणजे इथे तपासणाऱ्यांच्याच प्रशिक्षणावर बोट ठेवलं गेलं. दर्जा परत मिळायला एप्रिल २०१५ उजाडला.